बेड नंबर सातचे नातेवाईक

सोलापूर जिल्ह्यातील हृदयरोगतज्ज्ञ, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि अतिदक्षता विभागात काम करणारे सर्व डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आधी जे तुमचं आहे ते तुमच्या पदरात घालते. गेल्या जानेवारीत, किंक्रांतीच्या सकाळी, तुमच्यापैकी एकानं माझ्या नवऱ्याच्या मनगटातून नळी घालून हृदयाची बंद पडलेली नस उघडली. आज ते दुकानात बसतात, गिऱ्हाइकांशी भांडतात, चहात साखर नाही म्हणून माझ्याशीही भांडतात. पुढचं पत्र तक्रारीचं वाटलं तरी ही ओळ खोडून वाचू नका. खरं तर या ओळीमुळंच लिहायला अकरा महिने लागले. ज्यांनी कुंकू राखलं त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाला कुणी नावं ठेवतं का गं?" पण तुम्ही देव नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

मी मंगळवेढा तालुक्यात तेवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मालकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. (आमच्या भागात नवऱ्याला मालक म्हणतात. यावर माझ्या मुलीचं म्हणणं वेगळं आहे, ते ती तिच्या पत्रात लिहील.) विहिरीवरच्या मोटरी जळाल्या की लोक त्यांच्याकडे आणतात. ते जुनी तार उसवतात, नवी भरतात. चोपन्न वय, विडी-सिगारेट नाही, तंबाखू मात्र होती. बीपीची गोळी आठवण झाली तर घ्यायचे.

संक्रांतीला गुळाच्या पोळ्या झाल्या होत्या. पहाटे साडेचारला हे उठून बसले. म्हणाले, पित्त झालंय. चार पोळ्या, वर वाटीभर तूप, पित्त व्हायचंच. मी जिऱ्याचं पाणी दिलं. मग थंड दूध. मग ओवा. जबडा दुखतोय म्हणाले तर म्हटलं दाढेचं असेल, लवंग धरा. पाऊण तास मी स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडत होते. मग पाठीवरून हात फिरवायला गेले तर बनियन पिळून काढावं इतकं ओलं. जानेवारीची पहाट, माळावरचं वारं, कानाला फडकं बांधल्याशिवाय बाहेर पडवत नाही, आणि या माणसाला घाम. तिथं माझ्या पोटात खड्डा पडला.

आम्हाला प्रशिक्षणात न्यूमोनियाची लक्षणं घोटून घेतलेली आहेत. दोन महिन्यांपुढचं तान्हं बाळ मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका, हे मी झोपेत सांगेन. पण हृदयाचं दुखणं जबड्यात जातं, पाठीत जातं, थंड घाम येतो, मळमळतं आणि माणूस त्याला पित्त समजून ओवा चघळत बसतो, हे मला कुणी घोटून शिकवलं नव्हतं. १०८ लाही फोन केला नाही. २०१४ पासून ती गाडी राज्यात फिरते, गावातल्या बायांच्या बाळंतपणासाठी मी स्वतः ती कितीदा बोलावली आहे. पण आपल्या घरावर वेळ आली तेव्हा हात पुतण्याच्या नंबरावर गेला. हे दोन्ही दोष माझे, ते तुमच्या माथी मारत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, कागद उजेडात धरला आणि विचारलं, किती वाजता दुखायला लागलं? मग ॲस्पिरिन चघळायला लावली, रक्त पातळ करणाऱ्या आणखी गोळ्या दिल्या आणि माझ्याकडे वळले. "ताई, मोठा झटका आहे, हृदयाची एक नस बंद झालीय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण दोन तासांच्या आत सोलापुरात नस उघडून मिळणार असेल तर ते जास्त बरं. आत्ता रस्ता मोकळा आहे, मी फोन करून ठेवतो. यांना एक पाऊलही चालवू नका." एवढंच बोलले. तेवढ्यावर मी पुढचे पंचावन्न किलोमीटर काढले. मागच्या सीटवर यांचं डोकं मांडीवर घेऊन मी ती वाक्यं जपासारखी म्हणत होते. नस बंद आहे. उघडता येते. वेळेत चाललोय. या सगळ्या प्रकरणात माझ्या डोळ्यांत बघून बोललेला पहिला डॉक्टर तोच, आणि पुढचे कित्येक दिवस शेवटचाही तोच.

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही तुमच्या दारात होतो. मामांनी स्ट्रेचर पळवत आत नेलं, तिथं कुणी क्षणाचाही वेळ घालवला नाही. मी काउंटरवर गेले.

"पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी आहे. बायको."

"जेंट्स कोण आहे?"

मुलगी उद्धट नव्हती. माझ्याच मुलीच्या वयाची, रात्रपाळीनं डोळे सुजलेली. तिला तसं विचारायला शिकवलेलं होतं. पण हा प्रश्न मला त्या सकाळी चार वेगवेगळ्या लोकांनी विचारला. सत्तावीस वर्षांचा संसार, यांच्या बीपीच्या गोळीचं नाव मला माहीत, कुठल्या गोळीनं अंगावर पित्त उठतं ते मला माहीत, दुखणं कधी सुरू झालं ते मला माहीत. आणि दारात जेंट्स म्हणून उभा राहिला तो गाडी लावून आलेला, बावीस वर्षांचा, आयटीआय करणारा पुतण्या.

त्याला आत नेलं. मी काचेतून बघत होते. डॉक्टर बोलत होते, पोरगं मान हलवत होतं. सही करून बाहेर आलं.

"काय म्हणाले?"

"काकू, एक नस बंद आहे. उघडतील."

एवढंच. बाकीचं त्यानं मला सांगितलं ते गणपतीत, मखराला कागद चिकटवता चिकटवता. डॉक्टर म्हणाले होते, टेबलावरही काही होऊ शकतं, मनाची तयारी ठेवा. आणि त्यांच्या मिसेसना आत्ता काही सांगू नका. जानेवारीपासून गणपतीपर्यंत ते पोर एकटं हे वाक्य घेऊन फिरत होतं. त्या वर्षी त्याचा एक विषय राहिला. आम्ही त्याला मोबाईलवरून बोललो.

तुमचा हिशेब मला कळतो. बाईमाणूस रडेल, काउंटरवर गोंधळ होईल, वेळ जाईल. हो, मी रडले असते. रडत रडत सही केली असती. पोलिओची लस नको म्हणणाऱ्या घरात उभं राहून मी माणसं समजावलेली आहेत, रडणं आणि समजणं एका वेळी होतं हे मला माहीत आहे.

आणि सहीचंच म्हणाल तर माझ्या बचत गटातल्या एका बाईंचा मुलगा वकिली करतो, त्यानं आणखी वेगळीच गोष्ट सांगितली. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर असेल, तर संमती त्याची स्वतःची लागते. २००८ साली समीरा कोहलींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. आमचे मालक स्ट्रेचरवर पूर्ण शुद्धीवर होते, दुकानाची किल्ली कुठं ठेवलीय ते मला सांगत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, मला काही सांगितलं नाही आणि पुतण्याची सही चालली. कायद्यानं ज्याला सगळ्यात शेवटी विचारायचं त्याला पहिल्यांदा विचारलं, कारण तो पुरुष होता. रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असं सांगावं, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आपल्या राज्यातल्या रुग्णालयांनी दर्शनी भागात लावायची आहे. तुमच्याकडे ती होती. इंग्रजीत होती, आणि तिच्यापुढं कुंडी होती.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे यांची नस उघडली तो उपचार, बसते, योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो, हे मी दर महिन्याच्या बैठकीत बायांना सांगते. त्यामुळं रेशन कार्ड आणि आधार पिशवीत घेऊनच निघाले होते. तरी आधी पन्नास हजार भरायला सांगितले, कारण आरोग्यमित्राची खुर्ची दहा वाजेपर्यंत रिकामी असते. पुतण्याच्या मित्रांनी फोनवरून जमवले, पुढं परत मिळाले. ज्या बाईला ही योजनाच माहीत नाही ती सात वाजता काय करत असेल, पाटल्या उतरवत असेल, एवढं मनात ठेवा. गावात अजून विचारतात, किती लाखाची स्प्रिंग घातली? मी सांगते, तिला स्टेंट म्हणतात, नस उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला होता. थोडा इकडंतिकडं झाला असेल, लाखांत नाही. लोकांना माझं खरं वाटत नाही. लाखाची म्हटल्यावर आजाराला इज्जत येते.

आता त्या हॉलबद्दल, ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं.

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, पुढं नातेवाइकांचा हॉल. भिंतीकडेनं चटया, एका प्लगवर पाच मोबाईल, वर कोपऱ्यात स्पीकर. त्यातून दिवसरात्र आवाज येतो, "बेड नंबर सातचे नातेवाईक, आयसीयूच्या दारापाशी या." चार दिवसांत आम्हाला एकवीस वेळा बोलावलं. मी मोजलं, आमचं कामच मोजण्याचं. त्यातले सोळा वेळा खालच्या मेडिकलमधून काहीतरी आणायचं होतं. हातमोजे, सलाइन, एकदा नुसती चिकटपट्टी. तीन वेळा बिलाचं. दोन वेळा डॉक्टरांना भेटायचं. पण कशासाठी बोलावलंय ते कळायचं दारापाशी पोचल्यावर. माझ्या चटईपासून दारापर्यंत बत्तीस पावलं होती. त्या बत्तीस पावलांत दर वेळी मी विधवा झाले आणि हातमोज्यांची चिठ्ठी घेऊन परत सवाष्ण झाले.

बेड नंबर तीनच्या एक बाई होत्या, अक्कलकोटकडच्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, बोलण्यात कानडी हेल. पहिल्याच दुपारी त्यांनी फडक्यातून कडक भाकरी काढली, शेंगाचटणी ठेवली आणि माझ्यापुढं सरकवली. "खा. उपाशीपोटी रडायलासुद्धा जमत नाही." त्यांच्यामुळं मला कळलं की डॉक्टरांचा राउंड किती वाजता असतो, कुठल्या सिस्टरला विचारलं तर सांगते आणि कुठली ओरडते, बाथरूमचा कुठला नळ चालतो. ही माहिती देणारं दुसरं कुणी तुमच्या इमारतीत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. संक्रांतीचे दिवस, घरचं हळदीकुंकू राहिलंच की, म्हणाल्या. आम्ही सहा-सात जणी होतो, सगळ्यांची माणसं आत. एकीला लावताना दुसऱ्या तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. वाण म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. त्याच रात्री अडीचच्या सुमाराला स्पीकर बोलला, बेड नंबर तीनचे नातेवाईक. त्या उठल्या, पदर खोचला आणि उशाखालचं पाकीट घेतलं. औषधाची चिठ्ठी असेल म्हणून पाकीट घेतलं.

स्पीकरवर दोन शब्द जास्त बोलायला काही खर्च येत नाही. "सातचे नातेवाईक, औषध आणायला." "सातचे नातेवाईक, बिलासाठी." आणि ज्यांना तिसऱ्या कारणासाठी बोलवायचं, त्यांना स्पीकरवरून बोलवू नका. कुणीतरी चालत या. बत्तीस पावलंच आहेत.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. मला वाटलं होतं कुणीतरी बसवून सांगेल. फाईल हातात दिली, पिशवीभर गोळ्या दिल्या, "महिन्यानं दाखवायला या, तेल-मीठ कमी करा" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. फाईल अख्खी इंग्रजीत. ओडी, बीडी, एचएस. मी मराठी सातवीपर्यंत वर्गात पहिली होते, पण हे कुठल्या वर्गात शिकवतात? मेडिकलवाल्याला विचारून कळलं, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. मग आमच्या अंगणवाडीच्या पद्धतीनं पुठ्ठ्यावर तक्ता केला. सूर्य उगवताना, सूर्य डोक्यावर, चांदोबा. प्रत्येकापुढं त्या गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा चिकटवला. आधी हे हसले, म्हणाले, आता मला पोषण आहारही वाढ. पण अजून त्याच तक्त्यावर चाललंय.

त्याच फाईलमध्ये एक आकडा होता. ईएफ ४० टक्के. राउंडच्या डॉक्टरांनी सिस्टरला सांगताना मी ऐकलं, पंपिंग चाळीस आहे. झालं. हृदय चाळीस टक्केच चालतंय, म्हणजे साठ टक्के मेलं, असं धरून मी महिनाभर जगले. यांना पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. रात्री उठून नाकाखाली बोट धरायचे. एकदा अंधारात आवाज आला, "आहे अजून, झोप." महिन्यानं तपासणीला गेलो तेव्हा धीर करून विचारलं, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, अहो, चांगल्या हृदयाचंही पंचावन्न ते सत्तरच असतं, शंभर कुणाचंच नसतं, आणि यांचं वाढेल. बाहेर आल्यावर मालक म्हणाले, मला विचारायचं होतंस, शंभर टक्के कुठलीच मोटर देत नाही. मी रस्त्यातच इतकी हसले की लोक बघायला लागले. मग रिक्षात बसून रडले. ते एक वाक्य डिस्चार्जच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझ्या तीस रात्री वाचल्या असत्या.

दुसरं न सांगितलेलं वाक्य जास्त महागात पडणार होतं. एप्रिलमध्ये दात घासताना यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सलूनमध्ये कुणीतरी सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी होतं ते, तब्येत सुधारली की बंद करायच्या असतात. यांनी मला न सांगता एक गोळी बंद केली. नऊ दिवसांनी दुकान झाडताना टेपच्या डब्याखाली मला भरलेली पाकिटं सापडली. गावातल्या डॉक्टरांकडे धावत गेले तर ते खुर्चीतून उठलेच. नवीन स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून या दोन गोळ्या असतात. साधारण वर्षभर तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही चुकवायची नाही, आणि रक्त आलं तर दाखवायला यायचं, आपल्या मनानं थांबवायचं नाही. हे तुमच्या फाईलमध्ये कुठंतरी असेलही. असेल तर इंग्रजीत असेल.

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा तिच्या दारात जाते. बाळ दूध ओढतं का, टाके कसे आहेत, तिला ताप आहे का, विचारते, लिहून घेते. हा सरकारी नियम आहे आणि गावोगाव पाळला जातो. हृदयाचा झटका येऊन गेलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या दारात कोण येतं? नातेवाईक येतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात पन्नासेक माणसं आली आणि प्रत्येकाकडे औषध होतं. अर्जुनाची साल. लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर आटवून केलेला काढा, त्यानं म्हणे नसा धुऊन निघतात. जिभेखाली धरायची गोळी कायम खिशात ठेवा आणि जरा दुखलं की टाका. आमच्या डॉक्टरांनी तिच्याबद्दल बजावून ठेवलंय की रक्तदाब आधीच खाली असेल तर ती उलटते, सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. मोबाईलवर एक मेसेज फिरत होता, एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोका. त्याला काही आधार नाही, तेवढ्या वेळात मदतीला फोन करावा. पन्नास माणसांना चहा करून करून माझं कंबरडं मोडलं, आणि त्यातल्या एकानंही विचारलं नाही की तू जेवलीस का. माझं बीपी एकशे सत्तर झालेलं मे महिन्यात कळलं, तेही आरोग्य शिबिरात मशीन मोकळं होतं म्हणून.

यांचा स्वभाव बदलला, त्याबद्दलही कुणी सावध केलं नव्हतं. कधी आवाज न चढवणारा माणूस भाजीत मीठ नाही म्हणून ताट ढकलायला लागला. टीव्हीवर काहीही लागलं की डोळ्यांत पाणी. दीड महिना दुकानाची पायरी चढले नाहीत, तिथं एकट्याला काही झालं तर, म्हणून. मला वाटायचं, जीव वाचला तर आता आनंदात राहायला काय झालं? ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरांनी सांगितलं, ताई, झटक्यानंतर पुष्कळांना असं उदास वाटतं, चिडचिड होते, ते नाटक नसतं. फार दिवस राहिलं तर त्यालाही डॉक्टर असतात. त्यांच्यामुळं मी निम्मी भांडणं गिळली. निम्मी केली.

त्याच सिस्टरांनी मला उशीवर छाती दाबायला शिकवली. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही, की आधी १०८ लावायला कुणाला तरी सांगायचं, मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, पाच सेंटिमीटर खाली जाईल असं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत. पहिल्या फेरीला मी एवढं हळू दाबलं की त्या म्हणाल्या, ताई, कणीक नाही मळायची. पाऊण तासात जमलं मला. ज्या घरात हृदयाचा रुग्ण परत जातोय त्या घरातल्या एका माणसाला हे शिकवल्याशिवाय सोडूच नये, एवढं तर तुम्ही ठरवू शकता. चार दिवस आम्ही त्या हॉलमध्ये नुसते बसून होतो की.

आणखी एक लिहायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले. लिहिते. झटक्यानंतर नवरा-बायकोनं जवळ यायचं की नाही, कधीपासून, त्यात जिवाला धोका आहे का, हे कुणाला विचारायचं? तुम्हाला विचारायला जीभ रेटत नाही, घरात तर प्रश्नच नाही. आमच्यासारखी जोडपी या भीतीनं महिनोन्‌महिने दोन खाटा लांब करून झोपतात आणि एकमेकांना कारणही सांगत नाहीत. ते मला नकोशी समजतात, मी त्यांना धोक्यात घालायची नाही म्हणून पाठ फिरवते. याचंही उत्तर शेवटी सिस्टरांनीच दिलं. दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता यायला लागले की साधारणपणे काळजीचं कारण नसतं, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. तुम्ही हे आपणहून बोलून टाकत जा. आम्ही खाली मान घालून ऐकू, पण ऐकू.

तुमच्यावर कामाचा बोजा किती आहे ते मी हॉलमध्ये बसून पाहिलंय. एक सिस्टर सहा बेड बघत होती, ती दुपारी तीन वाजता उभ्यानं पोहे खात होती. नसा उघडणाऱ्या डॉक्टरांनी बसून गोळ्यांचे तक्ते काढावेत, असं माझं म्हणणं नाही. एक माणूस नेमा. आमच्यासारखी बारावी झालेली गावाकडची बाई चालेल. सकाळी सहाला यावी, काउंटरपाशी उभी राहावी, आत काय चाललंय ते हॉलमध्ये सांगावं, सुटी मिळताना मराठीत तक्ता करून द्यावा आणि आठ दिवसांनी एक फोन करावा. हे काम कसं करतात ते पाहायचं असेल तर आमच्या कुठल्याही अंगणवाडीत या. रजिस्टर दाखवते.

येत्या मंगळवारी आम्ही तपासणीला येतोय. पुतण्याची परीक्षा आहे, तो येणार नाही. कागदावर काही सही लागणार असेल तर आधी मालकांना विचारा, त्यांच्यानंतर मी आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

ता. क. : मालक म्हणतात, अतिदक्षता विभागाच्या खिडकीखाली पाण्याची जी मोटर आहे, तिचं बेअरिंग गेलंय. चार रात्री ते ऐकत पडले होते. वाइंडिंग जळायच्या आत बदलून घ्या, असा निरोप द्यायला सांगितलाय. कुणी मिळत नसेल तर मंगळवारी येताना पाना घेऊन येतील.